मिस सिंथिया फॅरार : मुलींच्या शाळांसाठीं समुद्रापार आलेल्या शिक्षिका

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें रविवारीं उपासनेच्या वेळीं एखादी मुलगी उभी राहून शास्त्रपाठ वाचते, तेव्हां कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं असें घडतें तर पाहावयास लोक जमले असते, आणि त्यांतील पुष्कळांनीं त्या मुलीच्या बापास दोष दिला असता. हा फरक कसकसा पडत गेला याचा विचार करितांना आम्हांस एका बाईंची आठवण होते. पाळक, उपदेशक व शाळामास्तर यांच्या कानांवर त्यांचें नांव आलें असेल. परंतु त्यांचें चरित्र फारसें कोणी सांगत नाहीं, म्हणून तें येथें देत आहों.

मिस सिंथिया फॅरार यांचा जन्म अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर प्रांतांतील मार्लबरो या गांवीं २० एप्रिल १७९५ रोजीं झाला. तो मुलूख डोंगराळ व थंड. हिवाळ्यांत जमीन बर्फाखालीं असते. तिकडे मुलींनीं वाचावयास शिकणें ही रोजचीच गोष्ट होती, आणि लग्न न झालेल्या स्त्रिया गांवच्या शाळांतून शिकवीत असत. फॅरारबाईही शिक्षिकाच झाल्या. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत जगानें लक्ष द्यावें असें त्यांच्या आयुष्यांत कांहीं घडलें नाहीं.

इकडे मुंबईंत १८१३ सालीं अमेरिकन बोर्डाचे मिशनरी येऊन राहिले होते. त्यांची स्थिति काय झाली होती हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. न्यूएलसाहेब १८२१ त पटकीनें वारले. हॉलसाहेब १८२६ त नाशिककडे उपदेशास गेले असतां वाटेंतच पटकीनें वारले. त्यांच्याजवळ त्या वेळीं घरचें माणूस कोणी नव्हतें. मराठी नवा करार छापून पुरा झाला तोही त्याच वर्षीं. पुस्तक तयार झालें, पण तें वाचणार कोण? पुरुषांत थोडे तरी वाचणारे होते, स्त्रियांत जवळजवळ कोणीच नव्हतें. १८२४ सालीं मिशननें मुंबईंत मुलींची पहिली शाळा उघडली आणि मग आणखी उघडल्या. त्यांवर नजर ठेवण्याचें काम मिशनऱ्यांच्या पत्नींवर पडलें. त्यांच्या कडेवर मुलें, घरांत आजार, आणि अंगांत ताकद थोडी. म्हणून याच एका कामास वाहून घेईल अशी बाई पाठवावी, अशी मागणी मुंबईहून गेली.

बोर्ड त्या काळीं अविवाहित स्त्रीस परदेशीं पाठवावयास कचरत असे. तिचें रक्षण कोण करणार, ती कोणाच्या घरीं राहणार, लोक काय म्हणतील, असे प्रश्न निघत. आमच्याकडील एखाद्या पोक्त मनुष्यानें पंचमंडळींत जे प्रश्न काढले असते तेच हे. अखेर फॅरारबाईंची निवड झाली. अशा रीतीनें निघालेल्या त्या पहिल्याच अमेरिकन अविवाहित स्त्री, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें तंतोतंत खरें नव्हे. बेट्सी स्टॉकटन नांवाची, जन्मानें गुलाम असलेली व पुढें मोकळी झालेली एक काळी स्त्री १८२२ सालींच हवाई बेटांकडे निघाली होती, आणि तेथें तिनें शाळाही चालविली. मोठ्यांच्या याद्यांतून असें नांव गळणें सोपें असतें, म्हणून तें आम्हीं येथें मुद्दाम घातलें आहे.

५ जून १८२७ रोजीं फॅरारबाई बोस्टन बंदरांतून स्टोन व अॅलन हे मिशनरी आणि त्यांच्या पत्नी यांच्याबरोबर गलबतांत बसल्या. सुएझचा कालवा १८६९ त झाला. त्यापूर्वीं आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून यावें लागे. त्या आधीं कलकत्त्यास उतरल्या, आणि मुंबईस पोंचेपर्यंत डिसेंबर महिना संपत आला होता. घरीं पत्र पाठविलें तर उत्तर हातीं पडावयास जवळजवळ वर्ष लागे. आई आजारी आहे असें पत्रांत वाचावें, तेव्हां ती बरी झाली असेल कीं गेली असेल हें कळावयास मार्ग नसे.

मुंबईची हवा, उन्हाळ्याचा घाम, पावसाळ्याची ओल, हें सर्व सोसतां येतें. त्यांच्या कामांतील अडचण निराळी होती. मराठी तर शिकावयाची होतीच. शाळा एका इमारतींत नसून शहराच्या निरनिराळ्या भागांत, मिळेल त्या जागेंत भरत. शिकविणाऱ्या स्त्रिया मुळींच नव्हत्या. पंतोजी पुरुष, आणि बहुतेक हिंदू. शिकलेली मुलगी लवकर विधवा होते अशी समजूत घरोघर होती. मुलगी दोन अक्षरें वाचूं लागली कीं तिचें लग्न होई व ती सासरीं जाई. मग पाटीवर नवें नांव, नवी मुलगी, आणि पुन्हां अ आ पासून प्रारंभ. आमचे खेड्यांतील मास्तर हें वाचतांना हंसतील, कारण सुगीच्या दिवसांत रिकामी पडणारी शाळा त्यांच्याही ओळखीची आहे.

तरी त्या एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जात, मुलींचें वाचन ऐकत, हिशेब पाहत, पंतोज्यांस सांभाळून घेत. मुंबईंतील इंग्रज रहिवाश्यांनीं त्यांस पैशाची मदत केली. १८२९ पर्यंत त्यांच्या शाळांतील मुलींची संख्या चारशांवर गेली. जेथें पांच वर्षांपूर्वीं एकही शाळा नव्हती, तेथें चारशें!

दहा वर्षें असें काम केल्यावर प्रकृति ढांसळली, आणि १८३७ त त्यांस मायदेशीं परत जावें लागलें. पुष्कळांस वाटलें असेल कीं आतां त्या तेथेंच राहतील, आणि तसें केलें असतें तर त्यांस कोणी नांव ठेविलें नसतें. परंतु १८३९ त त्या पुन्हां आल्या. या खेपेस त्यांची नेमणूक अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथें झाली. नगरचें मिशन तेव्हां आठ वर्षांचें होतें. ब्राह्मण घराण्यांतील हरिपंत खिस्ते यांचा बाप्तिस्मा त्या सुमारासच झाला, आणि शहरांत त्याची मोठी चर्चा होती. अशा वेळीं आपली मुलगी मडमेच्या शाळेंत धाडणें म्हणजे बापास धैर्यच लागे. शहरांतील मुलींच्या शाळा फॅरारबाईंकडे आल्या, आणि त्यांतच त्यांचें पुढील सर्व आयुष्य गेलें. आमच्या वाचकांस ठाऊक असलेलें ज्ञानोदय पत्र १८४२ त निघालें तें याच नगरांत.

मिशनच्या सभेंत मत देण्याचा अधिकार त्या काळीं पुरुष मिशनऱ्यांसच असे. ज्या बाईस मुलींच्या शाळांची सर्वांत अधिक माहिती, तिच्या शाळांचा निकाल दुसऱ्यांनीं करावा, ही रीत आम्हांस बरी वाटत नाहीं.

त्यांच्या शाळांतील किती मुली ख्रिस्ती झाल्या, असें कोणी विचारील. हा प्रश्न त्या वेळींही विचारला जात असे, आणि उत्तर थोड्याच, असें द्यावें लागे. पुढें १८५४-५५ सालीं बोर्डाचे प्रतिनिधी हिंदुस्थानांत आले, तेव्हां शाळांवर एवढा खर्च करावा कीं तो पैसा व मनुष्यबळ खेड्यांतील उपदेशाकडे लावावें, याचा मोठा वाद झाला, आणि नगरची इंग्रजी शाळा बंद पडली. तो वाद करणारे लोकही प्रामाणिक होते. त्यांच्या उपदेशाच्या आग्रहामुळेंच आमच्यांपैकीं पुष्कळांच्या आजेपणज्यांस सुवार्ता ऐकावयास मिळाली. परंतु फॅरारबाईंच्या शाळेंत एक गोष्ट घडली, ती कोणत्याही हिशेबाच्या वहींत मांडतां आली नसती.

१८४८ च्या सुमारास पुण्याचे एक तरुण गृहस्थ, जोतीराव गोविंदराव फुले, आपल्या स्नेह्याबरोबर नगरास आले असतां मिशनच्या मुलींच्या शाळा पाहावयास गेले. मुली पद्धतशीर शिकतात हें पाहून त्यांस फार संतोष झाला. पुण्यास परत गेल्यावर त्याच वर्षीं त्यांनीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. ही हकीकत त्यांनीं पुढें १८५३ सालीं स्वतःच सांगितली, व ती ज्ञानोदयांत छापून आली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनींही फॅरारबाईंच्या हाताखालीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें, असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलें जातें. फुले ख्रिस्ती झाले नाहींत, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे; मिशनऱ्यांचें त्यांनीं चांगलें म्हटलें तें आपल्या मतानें. त्या दिवशीं शाळेंत पाहुणे येऊन गेले, यापलीकडे फॅरारबाईंस त्या भेटीचें महत्त्व वाटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां हजेरी, पाटी व पाढे होतेच.

यानंतरचीं वर्षें सारखींच गेलीं, त्यांचा विस्तार करीत नाहीं. केंस पिकले, दृष्टि मंदावली, बरोबर आलेल्यांपैकीं कोणी वारले, कोणी स्वदेशीं गेले. ज्या मुलींस त्यांनीं अक्षरें शिकविलीं त्या आपल्या मुलींस शाळेंत पोंचवावयास येण्याइतका काळ लोटला. त्या पुन्हां मायदेशीं राहावयास गेल्या नाहींत. २५ जानेवारी १८६२ रोजीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, नगर येथें त्यांस देवाज्ञा झाली. मुंबईस उतरल्यापासून चौतीस वर्षें झालीं होतीं, आणि मरेपर्यंत त्यांच्याकडे मुलींच्या शाळांचेंच काम होतें.