कै. डॉ. अकासियो व्हिएगस

डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ सालीं गोमंतकांतील हडफडे गांवीं एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून परीक्षा उतरल्यावर त्यांनीं मांडवी भागांत दवाखाना थाटला. बंदरालगतच्या धान्याच्या वखारी, तुंबलेलीं गटारें आणि अंधाऱ्या खोल्यांतून दाटीनें राहणारीं कुटुंबें, असा तो भाग होता. १८८८ सालीं ते म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद झाले.

१८९६ च्या सप्टेंबरांत तेथील रोग्यांचा ताप व गांठी पाहून हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेगच, असें त्यांनीं ओळखलें व म्युनिसिपालिटीपुढें निर्भयपणें सांगितलें. व्यापारी शहरास हें नांवही ऐकणें नको होतें. परंतु तज्ज्ञांच्या तपासणींत निदान खरें ठरलें. पिसवा उंदरांपासून हा रोग पसरवितात हें तेव्हां ठाऊक नव्हतें. तें १८९८ सालीं कराचीस सिमाँ यांनीं दाखविलें. तथापि व्हिएगस यांनीं वस्त्या स्वच्छ करण्याचा व उंदीर मारण्याचा उद्योग आधींच आरंभिला होता. सरकारी झडत्यांची लोकांस रोगाहून अधिक धास्ती वाटे, आणि ती निराधार नव्हती. लोक शहर सोडून पळाले. त्यांच्यामागून प्लेग आपल्या नाशिक जिल्ह्यांतही आला. १८९७ सालीं हाफकीन यांची लस तयार होतांच व्हिएगस यांनीं सुमारें १८,००० लोकांस स्वतः टोचलें, असें सांगतात.

१९०६ सालीं ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. १९३३ सालीं ते निवर्तले. त्यांचा पुतळा धोबी तलावाजवळ उभारण्यांत आला.