केसरबाई आणि तीन मिनिटांची तबकडी

होस्टेलवर कुणी नवीन स्पीकर आणला की पहिला प्रश्न ठरलेला, किती वॅटचा? दुसरा, बेस कसा आहे? त्या डब्यात मुळात काय आणि किती पोचतंय, हे सहसा कुणी विचारत नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. या न विचारलेल्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि पोचलो एका गायिकेपर्यंत. सूरश्री केसरबाई केरकर.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यातल्या केरी गावचा. आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे. सोळाव्या वर्षी घर मुंबईला आलं. तिथे बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले असे मोठे गुरू मिळाले, पण कुणाचंच शिक्षण सलग झालं नाही. शेवटी १९२१ मध्ये, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली आणि ती अकरा वर्षं चालली. आपली डिग्री चार वर्षांची, तरी आपण तिसऱ्या सेमिस्टरलाच दमतो! पुढे त्या व्यावसायिक मैफली गाऊ लागल्या, तरी १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत त्यांचं शिकणं थांबलं नाही.

या घराण्याचं गाणं म्हणजे खुला आकार, दमदार श्वास, न तुटणाऱ्या ताना आणि अवघड जोडराग. एकेक राग सावकाश उलगडत जातो. आणि त्या काळचं यंत्र काय होतं? ७८ आरपीएमची दहा इंची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. अकरा वर्षांची तालीम तीन मिनिटांत बसवायची!

वेळेचं एक झालं, आता आवाजाचं बघू. चावीचा ग्रामोफोन ही त्या काळची ऑल-इन-वन म्युझिक सिस्टिमच. स्प्रिंग, फिरती थाळी, सुई, पातळ पडदा आणि कर्णा, सगळं एकाच पेटीत. वाजवायला वीज लागायचीच नाही. पेटी लहान आणि कर्णा तर लांब हवा, म्हणून चांगल्या ग्रामोफोनमध्ये कर्ण्याची नळी पेटीच्या आतच घडी घालून बसवलेली असे. हीच युक्ती पुढेही उपयोगी पडली. १९८४ मध्ये अमर बोस यांच्या कंपनीने जी एकपेटी म्युझिक सिस्टिम आणली, तिच्यातही लांब नळी आत दुमडलेली होती, म्हणून एवढ्याशा पेटीतून खर्ज निघायचा.

पण पेटी कितीही चांगली असली तरी तबकडीत जे कोरलंच नाही ते ती कुठून आणणार? १९२५ पर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या हवेच्या जोरावर सुई मेणावर रेघ कोरायची. साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच आवाज त्यात उतरायचा. आपला कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि अँप्लिफायर आले आणि वरची मर्यादा ५००० हर्ट्झच्या आसपास गेली. केसरबाईंच्या तबकड्या या नंतरच्या काळातल्या. तरीही तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या मूळ सुरावर झुलणारे ते बारीक वरचे सूर, बरेचसे गळून जायचे. गंमत म्हणजे खालचा मूळ सूर नसला तरी वरच्या सुरांवरून आपला मेंदू तो ताडतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवरही गाणं ओळखू येतं ते यामुळेच. पण ओळखू येणं वेगळं आणि भिडणं वेगळं. तुळजापूरला देवळात समोर वाजणारा संबळ आणि मोबाइलवरचा संबळ, यांतला फरक आपल्याकडच्या कुणालाही सांगावा लागत नाही.

केसरबाई आपल्या गाण्याबद्दल अतिशय काटेकोर. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी मोजक्याच तबकड्या दिल्या. रेडिओपासूनही त्या लांब राहिल्या, असं सांगतात. एका बाजूला वीसेक मिनिटं मावणारी एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा त्यांना छप्पन्नावं वर्ष चालू होतं. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. म्हणजे यंत्र सुधारत गेलं आणि गाणारी व्यक्ती मागे सरत गेली. त्यांच्या भरलेल्या मैफली ज्यांनी ऐकल्या, त्यांच्याबरोबरच त्या गेल्या. आपल्या हाती उरले काही तुकडे. मला याची खरंच हळहळ वाटते.

मानसन्मान मात्र भरपूर मिळाले. कोलकात्याच्या रसिकांनी सूरश्री ही पदवी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण.

आणि त्या तुकड्यांपैकी एक बघा कुठे गेला! १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या बसवल्या. जगभरातल्या संगीताचे सत्तावीस नमुने त्यावर आहेत आणि भारतातून आहे केसरबाईंची भैरवी. वेळ साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबरला उडालं. अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या. आज ते यान २४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे.

तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिज दिलंय, ती कशी वाजवायची याची आकृतीही कोरलीय. पण थाळी नाही, अँप्लिफायर नाही, स्पीकर नाही. ज्याला ती सापडेल त्याने बाकीची सिस्टिम स्वतः बनवायची. चांगली बनवली तर आकार खुला ऐकू येईल. पण जवारीचा जो भाग रेकॉर्डिंगच्या वेळीच निसटला, तो विश्वातला कुठलाही इंजिनिअर परत आणू शकणार नाही. मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी अशी यंत्रं बनवील. तेव्हा वॅट जरूर मोजा, पण आधी समोर जो गातोय त्याचं काय काय सुटतंय ते ऐका. कारण गाणारा काही आपलं यंत्र सुधारेपर्यंत थांबत नाही.