लव्हाळ्यांतला पुरावा

इंग्लंडमधून विणीचा पक्षी म्हणून नाहीसा झालेला बिटर्न परतला आहे, हे १९११ मध्ये सिद्ध झाले ते एका छायाचित्राने. ते टिपणाऱ्या एमा लुईसा टर्नर यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याची हौस मात्र त्यांना वयाच्या तेहतिसाव्या वर्षी जडली आणि ती आयुष्यभर सुटली नाही.

टर्नर यांचा जन्म ९ जून १८६७ रोजी केंट परगण्यातील लँग्टन ग्रीन येथे झाला. १९०० मध्ये त्यांची रिचर्ड कीअर्टन यांच्याशी भेट झाली. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून पोकळ बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन बसणारे जे कीअर्टन बंधू, त्यांपैकी हे थोरले. या भेटीनंतर टर्नर यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढच्याच वर्षी त्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या सदस्य झाल्या आणि १९०४ पासून स्वतःच्या छायाचित्रांच्या पारदर्शिका दाखवत जाहीर व्याख्यानेही देऊ लागल्या.

त्या काळी हा छंद अंगमेहनतीचा होता. जड लाकडी कॅमेरा, तिकाटणे आणि काचेच्या प्लेटा असा सारा संसार वाहून न्यावा लागे. एका प्लेटेवर एकच चित्र; पक्षी हलला की प्लेट वाया. दुरून टिपणारी भिंगे बेताचीच असल्याने पक्ष्याच्या अगदी जवळ, लपणात तासन् तास बसण्यावाचून गत्यंतर नसे.

टर्नर यांनी यावर काढलेला उपाय साधा, पण विलक्षण होता. पक्षी घराजवळ येत नाहीत, तर घरच पक्ष्यांजवळ न्यावे! नॉरफॉकमधील हिकलिंग ब्रॉड या उथळ, लव्हाळ्यांनी वेढलेल्या तळ्यात त्यांनी स्वतःच्या कल्पनेनुसार बांधून घेतलेली हाऊसबोट आणून ठेवली. तिला नाव दिले ‘वॉटर रेल’, म्हणजे या भागात त्यांनी प्रथम टिपलेल्या, पाणकोंबडीच्या कुळातल्या पक्ष्याचे. सुमारे पंचवीस वर्षे, वर्षातील काही काळ त्या येथे राहत. तेथील एका बेटाला तर ‘टर्नर्स आयलंड’ असेच नाव पडले.

बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला, तपकिरी ठिपक्यांचा पक्षी. चाहूल लागताच चोच आभाळाकडे करून तो असा ताठ उभा राहतो, की लव्हाळ्यांत तो दिसतच नाही. दलदली आटवल्या गेल्या, शिकार झाली, संग्राहकांनीही हात धुऊन घेतले. १८८६ नंतर त्याच्या विणीची नोंद उरली नव्हती. जुलै १९११ मध्ये टर्नर आणि हिकलिंगचे रखवालदार जिम व्हिन्सेंट यांना लव्हाळ्यांत बिटर्नचे पिल्लू सापडले आणि टर्नर यांनी त्याचे छायाचित्र घेतले.

या घटनेचे मोल आज सहजी ध्यानात येणार नाही. दुर्मिळ पक्षी आढळल्याचा पुरावा म्हणजे बंदुकीने पाडलेला पक्षी, असा तोवर पक्षिशास्त्राचा रिवाज होता. येथे पुरावाही मिळाला आणि पिल्लूही जिवंत राहिले. मात्र एक गोष्ट नमूद करायला हवी. टर्नर यांची बरीच छायाचित्रे घरट्यांजवळची आहेत. घरट्याजवळ गेल्याने पक्षी अंडी-पिल्ले सोडून जाण्याची भीती असते, म्हणून आज जाणते छायाचित्रकार ते टाळतात. आपल्याकडच्या पाणवठ्यांवर मोठमोठ्या भिंगांसह गर्दी करणाऱ्या हौशी मंडळींनीही हे ध्यानात घेतलेले बरे.

मानसन्मान टर्नर यांना लाभले. लिनियन सोसायटीने स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. तुरेवाल्या टिबुकलीच्या छायाचित्रासाठी त्यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९२४ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, स्कोल्ट हेड या बेटावर सुरय पक्ष्यांच्या वसाहतीची राखण करणाऱ्या पहिल्या रक्षक म्हणून त्या जाऊन राहिल्या. वृत्तपत्रांनी त्यांना इंग्लंडमधील सर्वांत एकाकी स्त्री ठरवून टाकले.

हिकलिंगच्या पाहुण्याचे पुढे काय झाले? बिटर्न वाढले, पुन्हा घटले. १९९७ मध्ये ब्रिटनभरात त्यांचे जेमतेम ११ नर उरले होते. लव्हाळ्यांची निगा राखल्यानंतर ही संख्या दोनशेच्या वर गेली.

घरच्या बागेतही पक्ष्यांना आसरा कसा द्यावा, हे सांगणारे टर्नर यांचे पुस्तक १९३५ मध्ये आले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांची दृष्टी गेली. दोन वर्षे अंधत्वात काढून १३ ऑगस्ट १९४० रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.