अर्व्हिंग लँगम्यूर

ता. ३१ जानेवारी १८८१ रोजीं अमेरिकेंतील ब्रुकलिन येथें अर्व्हिंग लँगम्यूर यांचा जन्म झाला. लहानपणीं त्यांची दृष्टि अधू होती, परंतु अकराव्या वर्षापर्यंत तिच्यावर उपाय झाला नाहीं. चष्मा मिळाल्यावर सृष्टींतील बारकावे पाहण्याची त्यांना जी गोडी लागली ती कायमचीच.

कोलंबिया विद्यापीठांत धातुविद्या शिकून ते जर्मनींत गटिंगेन येथें गेले व १९०६ सालीं डॉक्टर झाले. तीन वर्षें शिक्षकी केल्यावर १९०९ सालीं स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत शिरले. त्या काळीं विजेच्या दिव्याची कांच आंतून काळी पडे. दिव्यांत उरलेल्या वायूंकडे दोष जात असल्यानें अधिकाधिक पोकळी साधण्याची खटपट चाले. लँगम्यूर यांनीं उलट निरनिराळे वायु मुद्दाम आंत सोडले! याचा कंपनीस काय उपयोग, हें त्यांना स्वतःसही सांगतां येईना. तरी प्रमुख व्हिटनी यांनीं त्यांस अडविलें नाहीं. टंग्स्टनच्या तारेची वाफ होऊन कांच काळी पडते, असें ठरलें व १९१३ सालीं नायट्रोजन भरलेला दिवा निघाला.

आम्हांस मात्र त्याहून मोलाची वाटते ती त्यांची पाहण्याची रीत. तापलेल्या तारेजवळ थोडा हायड्रोजन ठेवला कीं त्याचा दाब हळूहळू उतरे. शेवटीं किती उरला एवढें पाहून दुसरा थांबला असता. लँगम्यूर तो वेळोवेळीं कसकसा उतरतो तें टिपीत बसले, आणि त्यावरून कळलें कीं हायड्रोजनचे रेणु तारेवर फुटतात व सुटे अणु कांचेस चिकटतात.

पुढें त्यांनीं असें मांडलें कीं, घन पदार्थाच्या पृष्ठावर वायूच्या कणांसाठीं वर्गांतील बाकांप्रमाणें ठराविक जागा असतात. कण येतात, बसतात, उठून जातात. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे कोंदट खोलींतील शेगडीचा तो घातक वायु, आणि प्राणवायु यांचा संयोग होतो. पहिला वायु वाढविला तर संयोगाचा वेग वाढावा कीं नाहीं? १९२२ सालच्या त्यांच्या निबंधांत तो घटलेला दिसतो! कार्बन मोनॉक्साइड सारीं बाकें अडवितो व प्राणवायु दाराशीं तिष्ठत राहतो. पहिला जसजसा सरतो तसतशी जागा मोकळी होते.

१९३२ सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. उतारवयांत कृत्रिम पावसाविषयीं त्यांनीं केलेले दावे पुराव्याच्या पुढें धांवले, हेंही सांगितलें पाहिजे. ता. १६ ऑगस्ट १९५७ रोजीं ते वारले.

आज पेट्रोलच्या मोटारींत धूर शुद्ध करणारा डबा असतो. त्यांत प्लॅटिनमसारखे धातु असतात. मोटार नुकतीच सुरू झाली असतां तो डबा फारसें काम करीत नाहीं. थंड धातूवर कार्बन मोनॉक्साइड बाकें धरून बसलेला असतो, आणि डबा तापल्यावांचून तो उठत नाहीं.