अर्ध्या फीचा विद्यार्थी

‘अ‍ॅनिमल फार्म’ आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ या दोन कादंबऱ्यांनी जॉर्ज ऑर्वेल हे नाव जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवले. निरंकुश सत्ता माणसाच्या मनाचा ताबा कसा घेते, हे विसाव्या शतकात त्याच्याइतक्या स्वच्छ भाषेत फार थोड्यांनी सांगितले. परंतु सत्तेचा पहिला अनुभव ऑर्वेलने घेतला तो बर्मातील पोलीस ठाण्यात नव्हे, स्पेनच्या रणांगणावरही नव्हे. तो घेतला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका खासगी निवासी शाळेत, वयाच्या आठव्या वर्षी. त्या शाळेने त्याला अर्ध्या फीत प्रवेश दिला, पाच वर्षे एका परीक्षेसाठी घडवले आणि ईटन या इंग्लंडमधील सर्वात प्रतिष्ठित विद्यालयाच्या दारापर्यंत नेऊन सोडले. या उपकाराची खरी किंमत काय होती, हा प्रश्न त्याला आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडून गेला नाही.

ऑर्वेलचे मूळ नाव एरिक आर्थर ब्लेअर. त्याचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतिहारी येथे झाला. वडील रिचर्ड ब्लेअर हे हिंदुस्थान सरकारच्या अफू खात्यात अधिकारी होते. आई आयडा हिचे बालपण बर्मातील मौलमीन येथे गेले होते. एरिक जेमतेम वर्षाचा असताना आई मुलांना घेऊन इंग्लंडला परतली आणि टेम्स नदीकाठच्या हेन्ली या गावी राहू लागली. वडील १९१२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत बहुतेक काळ हिंदुस्थानातच होते. साहेबी इतमामाची सवय लागलेले, पण निवृत्तिवेतनावर भागवावे लागणारे असे हे कुटुंब. मुलाने सुखवस्तू वर्गात टिकून राहायचे तर त्याला ‘पब्लिक स्कूल’मध्ये शिकवणे अपरिहार्य होते आणि तेथील पूर्ण फी भरण्याची ऐपत ब्लेअर कुटुंबाकडे नव्हती.

येथे इंग्लंडमधील शिक्षणाची त्या काळची रचना समजून घ्यायला हवी. पब्लिक स्कूल हे नाव फसवे आहे. ईटन, हॅरो, विंचेस्टर, वेलिंग्टन ही विद्यालये पूर्णपणे खासगी होती. साधारण तेराव्या वर्षी मुलगा तेथे दाखल होई. त्याआधीची पाच वर्षे त्याला ‘प्रेप स्कूल’ म्हणजे पूर्वतयारीच्या खासगी शाळेत काढावी लागत. या शाळा बहुधा एखाद्या मुख्याध्यापकाच्या स्वतःच्या मालकीच्या असत आणि त्यांची पत एकाच गोष्टीवर ठरे: आपले किती विद्यार्थी कोणत्या विद्यालयात पोहोचले. श्रीमंतांच्या मुलांसाठी वाट तुलनेने सोपी होती. ईटनसारख्या विद्यालयात मुलाचे नाव तो पाळण्यात असतानाच नोंदवून ठेवण्याची प्रथा होती. १९०४ पासून अनेक पब्लिक स्कूलसाठी एक सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. ती उत्तीर्ण होण्यापुरती तयारी पुरेशी ठरे. दुसरी वाट शिष्यवृत्तीची. ती अरुंद आणि चढणीची होती, पण शाळेच्या कीर्तीच्या दृष्टीने तीच मोलाची. ईटनला किती मुलगे गेले यापेक्षा ईटनची शिष्यवृत्ती किती जणांनी मिळवली, यावर पालकांचे लक्ष असे.

या शिष्यवृत्तीच्या इतिहासातही एक विसंगती दडलेली आहे. सहाव्या हेन्री राजाने १४४० साली ईटनची स्थापना केली ती सत्तर गरीब विद्यार्थ्यांच्या विनामूल्य शिक्षणासाठी. ‘किंग्ज स्कॉलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सत्तर जागा पुढेही कायम राहिल्या. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मिळवण्यासाठी लॅटिन आणि ग्रीक या अभिजात भाषांवर प्रभुत्व लागे. कामगारांची मुले ज्या सरकारी प्राथमिक शाळांत शिकत, तेथे या भाषा शिकवल्याच जात नसत. त्या शिकायच्या तर महागड्या पूर्वतयारी शाळेतच जावे लागे. परिणामी गरिबांसाठी ठेवलेल्या जागा, गरिबी ज्यांना ठाऊक नव्हती अशा घरांतील मुलांकडे गेल्या. सत्तर जागांचे दार कागदोपत्री सर्वांना खुले होते. पण त्या दारापर्यंतचा रस्ता खासगी मालकीचा होता.

एरिकच्या बाबतीत हा रस्ता मामाच्या मध्यस्थीने उघडला. सप्टेंबर १९११ मध्ये ईस्टबोर्न येथील सेंट सिप्रियन्स शाळेत तो दाखल झाला. एल. सी. व्हॉन विल्क्स आणि त्यांच्या पत्नी सिसिली विल्क्स हे दाम्पत्य ही शाळा चालवत होते. वर्षाची फी सुमारे १८० पौंड होती; ब्लेअर कुटुंबाकडून त्याच्या निम्मीच घ्यायची असे ठरले. मुलगा बुद्धिमान आहे, तो शिष्यवृत्ती मिळवील आणि शाळेचे नाव उजळेल, हा यामागचा हिशेब. शाळेच्या दृष्टीने यात अप्रामाणिक असे काही नव्हते. धनिकांची मुले शाळेला पैसा मिळवून देत, हुशार मुले प्रतिष्ठा मिळवून देत आणि त्या प्रतिष्ठेच्या बळावर आणखी धनिकांची मुले येत. सवलत हे दान नव्हते, ती गुंतवणूक होती.

गुंतवणुकीचा परतावा मात्र एका लहान मुलाला द्यायचा होता. आपण कमी फीवर शिकतो हे एरिकला अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास कळले आणि त्याचे सारे शालेय विश्व बदलले. पुढे लिहिलेल्या प्रदीर्घ आठवणीत त्याने या काळाचे जे चित्र रेखाटले आहे, ते अस्वस्थ करणारे आहे. अभ्यासात ढिलाई झाली की आई-वडिलांच्या त्यागाची आणि शाळेच्या उपकारांची आठवण करून दिली जाई. शिष्यवृत्ती हुकली तर तुटपुंज्या पगाराचा कार्यालयातील पोऱ्या होऊन जन्म काढावा लागेल, हे त्याच्या मनावर बिंबवले गेले. श्रीमंत मुलांना छडी सहसा लागत नसे, शिष्यवृत्तीच्या मुलांना मात्र ती चुकत नसे, असा त्याचा आरोप होता. घरच्यांना परवडणार नाही, या कारणाने त्याला साध्या हौशीच्या वस्तूही नाकारल्या जात. कृतज्ञता वाटायला हवी, पण वाटते ती घृणा, आणि त्या घृणेबद्दल पुन्हा अपराधी वाटते, या चक्रात हा मुलगा अडकला होता.

अभ्यासाचे स्वरूपही परीक्षेनेच ठरवले होते. इतिहास म्हणजे सनावळ्या, राजांची नावे आणि लढाया. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. लॅटिन आणि ग्रीकचे उतारे परीक्षक जे विचारण्याचा संभव, तेवढेच घोटून घेतले जात. जे विचारले जाणार नाही ते शिकवायचे नाही, हा नियम. या पद्धतीतून वार्षिक हॅरो इतिहास पारितोषिकासाठी मुले तयार होत. एरिकनेही त्यात दुसरा क्रमांक मिळवला. दुसरीकडे, त्याची पहिली कविता हेन्लीच्या स्थानिक वृत्तपत्रात ऑक्टोबर १९१४ मध्ये छापून आली. महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते आणि तरुणांना सैन्यात भरती होण्याचे आवाहन करणारी ती कविता अकरा वर्षांच्या मुलाची होती.

१९१६ साली तो दोन शिष्यवृत्ती परीक्षांना बसला. वेलिंग्टनची शिष्यवृत्ती मिळाली. ईटनच्या यादीतही नाव आले, पण रिकाम्या जागांच्या थोडेसे खाली. डिसेंबर १९१६ मध्ये सेंट सिप्रियन्स सोडून तो वेलिंग्टनला गेला, तेथे एकच सत्र काढले आणि जागा रिकामी होताच मे १९१७ मध्ये किंग्ज स्कॉलर म्हणून ईटनमध्ये दाखल झाला. शाळेने लावलेली रक्कम वसूल झाली. पुढच्याच वर्षी त्याचा वर्गमित्र सिरिल कॉनली हाही ईटनची शिष्यवृत्ती मिळवून तेथे पोहोचला. पुढे तो नामवंत समीक्षक झाला.

आणि मग जे घडले, ते अशा तयारीच्या समर्थकांनी विचारात घ्यावे असे आहे. ईटनमध्ये एरिकने अभ्यास जवळजवळ सोडूनच दिला. पाच वर्षांच्या सक्तीने त्याच्यातील परीक्षार्थी पुरता थकला होता. तो भरपूर वाचे, पण स्वतःच्या आवडीचे. ऑल्डस हक्स्ले यांनी तेथे काही काळ फ्रेंच शिकवले, त्याचा लाभ त्याला झाला. मात्र अखेरच्या परीक्षेत तो तळाकडच्या मुलांत होता. विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता नव्हती आणि तिच्यावाचून ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज परवडणारे नव्हते. १९२१ च्या डिसेंबरात त्याने ईटन सोडले. त्यानंतर सरकारी पोलीस सेवेच्या परीक्षेसाठी पुन्हा एकदा खास शिकवणी लावून तो १९२२ साली बर्मात पोलीस अधिकारी म्हणून रुजू झाला. ज्यासाठी बालपण पणाला लावले, ती शिडी ऑक्सफर्ड-केंब्रिजपर्यंत पोहोचलीच नाही.

बर्मात पाच वर्षे साम्राज्याची चाकरी केल्यावर १९२७ मध्ये तो परतला आणि राजीनामा देऊन लेखनाकडे वळला. पॅरिस आणि लंडनमधील दारिद्र्याच्या अनुभवांवरील पहिले पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याने जॉर्ज ऑर्वेल हे नाव धारण केले. त्याच सुमारास पोटासाठी त्याने लंडनजवळच्या छोट्या खासगी शाळांत शिक्षकाची नोकरी केली. प्रतिष्ठित शाळांच्या उतरंडीचा तळही त्यामुळे त्याला पाहायला मिळाला. १९३५ सालच्या ‘अ क्लर्जीमन्स डॉटर’ या कादंबरीत अशाच एका शाळेची मालकीण नव्या शिक्षिकेच्या हाती विद्यार्थिनींची यादी देते, ती फी नियमित येते की नाही यानुसार वर्गवारी केलेली. चांगली फी देणाऱ्यांच्या मुलींना हात लावायचा नाही, हा तिचा दंडक. शिक्षिका खरे शिक्षण देऊ पाहते तेव्हा पालकच तक्रार करतात. दोष केवळ शाळाचालकांचा नाही, ज्याला मागणी आहे तेच शाळा विकतात, हे ऑर्वेलने येथे नेमके टिपले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४३ या दरम्यान तो बीबीसीच्या पूर्व विभागात हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांचे काम पाहत होता. मूळच्या कोल्हापूर भागातील वेणू चितळे या लेखिका तेथे त्याच्या सहकारी होत्या आणि त्याने इंग्रजीत लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवादित होऊन प्रसारित होत. याच काळातील ‘द लायन अँड द युनिकॉर्न’ या १९४१ सालच्या पुस्तिकेत त्याने शिक्षणव्यवस्थेत समता आणण्याची मागणी केली. पब्लिक स्कूलची स्वायत्तता काढून घ्यावी आणि तेथे निव्वळ गुणवत्तेवर निवडलेली, सरकारी साहाय्य मिळालेली मुले भरावीत, असे त्याने सुचवले होते.

सेंट सिप्रियन्सवरील त्याचा निबंध मात्र त्याच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकला नाही. ‘सच, सच वेअर द जॉइज’ हे ब्लेकच्या कवितेतून उपरोधाने घेतलेले त्याचे शीर्षक. अब्रुनुकसानीच्या भीतीमुळे तो निबंध १९५२ मध्ये आधी अमेरिकेत, शाळेचे नाव बदलून छापला गेला. इंग्लंडमध्ये तो १९६८ साली, श्रीमती विल्क्स यांच्या निधनानंतरच प्रसिद्ध झाला. त्यावरून वादही झाले. गोल्फवरील लेखनासाठी प्रसिद्ध असलेले हेन्री लाँगहर्स्ट यांच्यासारख्या माजी विद्यार्थ्यांनी विल्क्सबाईंची बाजू घेतली. त्या उत्तम शिक्षिका होत्या आणि साधे, नेमके इंग्रजी लिहिण्याचे वळण त्यांनीच लावले, असे सांगणारेही होते. १९३८ सालीच या शाळेवर टीका करणाऱ्या कॉनली यांची भूमिका उतारवयात बरीच निवळली. ऑर्वेलच्या हुकूमशाहीच्या चित्रणाचे मूळ थेट या शाळेत शोधण्याचा काही समीक्षकांचा प्रयत्न अतिरेकी मानला जातो, आणि ते योग्यही आहे. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: माणसाला त्याच्याच भल्याच्या नावाखाली धाक दाखवणारी आणि वर प्रेमाची अपेक्षा करणारी सत्ता कशी असते, हे त्याने फार लवकर पाहिले होते.

स्वतः ऑर्वेललाही या प्रश्नाचे सोपे उत्तर सापडले नाही. १९४४ मध्ये त्याने आणि पत्नी आयलीनने रिचर्ड या मुलाला दत्तक घेतले. पुढच्याच वर्षी आयलीनचे निधन झाले. खासगी विद्यालयांवर इतकी कठोर टीका करणाऱ्या या लेखकाने आपल्या मुलाचे नाव लंडनच्या वेस्टमिन्स्टर या नामांकित पब्लिक स्कूलमध्ये नोंदवून ठेवले होते. क्षयाने २१ जानेवारी १९५० रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला आणि मुलाने पुढे शिक्षण अन्यत्र घेतले. या नोंदणीला दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्या समाजात चांगल्या भवितव्याची दारे मोजकीच असतात, तेथे त्या दारांवर टीका करणारा बापही मुलाला बाहेर उभे ठेवायला धजावत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ऑर्वेलचे यश पुढे करून सेंट सिप्रियन्सच्या पद्धतीचे समर्थन करता येईल आणि त्याच्या वेदना पुढे करून तिचा धिक्कारही करता येईल. त्याच्या आयुष्यातून मिळणारा धडा याहून साधा आहे. नामांकित विद्यालयात प्रवेश मिळवून देणे आणि मुलाला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम यादी लागताच संपते आणि त्याचे श्रेय शाळेच्या नावावर जमा होते. दुसऱ्याचा ताळेबंद मात्र त्या मुलालाच, पुढे अनेक वर्षांनी, एकट्याने मांडावा लागतो.