एका लेखामागे निघालेला माणूस : आचार्य धर्मानंद कोसंबी

धर्मानंद कोसंबींचं नाव आपण ऐकतो, पण ते धम्माकडे कसे आले हे आपल्या पोराबाळांना ठाऊक नसतं. म्हणून आम्ही हा मजकूर लिहायला घेतला.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात साखवाळ गावी, गौड सारस्वत ब्राह्मणाच्या घरी झाला. कुणी म्हणेल, मग आपल्या अंकात त्यांचं काय काम? जरा पुढे वाचावे. शाळा जेमतेमच झाली. घरच्या नारळीच्या बागेची देखरेख करायची आणि हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचायचं, असे दिवस चालले होते. अशात 'बालबोधमेवा' हे मिशनऱ्यांचं लहान मुलांचं मासिक हाती आलं. त्यात भगवान बुद्धांवर लेख होता. शास्त्री-पंडित ज्याला हातही लावणार नाहीत, असलं मासिक! पण त्या लेखाने हा माणूस पेटला. बुद्धाचा धम्म मुळातून शिकायचाच, असं त्यांनी ठरवलं.

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे बायको आणि तान्ही मुलगी. हे आमच्या मनाला पटत नाही. त्या माउलीने काय सोसलं असेल ते तिलाच ठाऊक.

पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोहोचले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात धम्माची अवस्था बघून निराश झाले. शेवटी १९०२ साली सिलोन गाठलं. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशही पाहिला.

चीवर उतरवल्यावर त्यांनी शिकवण्याचं काम धरलं. कलकत्त्यात पाली शिकवली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये दिले, तेव्हा मराठीत धम्माची पुस्तकं लिहिता आली. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले. शाळा जेमतेम झालेला माणूस हार्वर्डला! परत आल्यावर फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगही भोगला.

आम्हा गिरणीवाल्यांना जवळची गोष्ट म्हणजे १९३७ साली त्यांनी परळला, कामगार वस्तीत, बहुजनविहार उभा केला. एवढा पंडित, पण धम्म सांगायला जागा निवडली ती भोंग्यावर उठणाऱ्या माणसांच्या शेजारची.

जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडून देह ठेवला. हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग' छापून आला १९५० साली. त्यांचं 'भगवान बुद्ध' मात्र आपल्या विहाराच्या कपाटात आहे. पुठ्ठा सुटलाय, पानं शाबूत आहेत.