रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

उद्या रविवार आहे म्हटलं की आपल्याला केवढं हायसं वाटतं! कुणी सकाळी प्रार्थनेला जातो, कुणी गावाकडची बस धरतो, तर कुणी उशिरापर्यंत अंथरुणातच लोळतो. ही सुट्टी पहिल्यापासून सगळ्यांनाच होती असं आपण धरून चालतो. पण गिरणीत राबणाऱ्या माणसाला ती तशी मिळालेली नाही. तिच्यामागे एका माणसाची कित्येक वर्षांची धडपड आहे. तो माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

आपल्या कलबुर्गीत एम.एस.के. मिल नावाचा भाग आहे. सहाव्या निजामाच्या, म्हणजे महबूब अली खानांच्या नावाने निघालेली ही महबूब शाही कलबर्गा मिल. गिरणी कधीच बंद पडली, वस्तीला नाव मात्र तेच राहिलं. ती 1880 च्या दशकात उभी राहिली. त्याच काळात मुंबईत लोखंडे कामगारांच्या सभा भरवत होते. म्हणून मिलवरून जाताना त्यांची आठवण यावी, असं मला वाटतं.

लोखंडे यांचा जन्म 1848 चा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं, कन्हेरसरचं, फुलमाळी समाजाचं. परिस्थिती बेताचीच. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालं. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते या नोकरीत. कामगारांचे हाल त्यांना कुणी येऊन सांगावे लागले नाहीत. रोज डोळ्यांदेखतच सारं चाललेलं होतं.

तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की यंत्रं सुरू व्हायची आणि दिवस मावळला की थांबायची. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही तेवढंच मोठं. जेवायला धड सुट्टी नाही, हवेत कापसाचा भुगा, पगार कधी हाती पडेल त्याचा भरवसा नाही. यंत्रात हात सापडला तर माणूस घरी बसायचा आणि त्याचं कुटुंब उघड्यावर यायचं. 1881 साली पहिला फॅक्टरी कायदा आला खरा, पण तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांचं पोर नऊ तास राबवायला त्या कायद्याची हरकत नव्हती. मोठ्या माणसांच्या तासांवर तर काही बंधनच नव्हतं.

लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र काढलं होतं. ते अडचणीत आल्यावर 1880 मध्ये लोखंडे यांनी मुंबईत आणून चालवायला घेतलं. गिरणीतली नोकरी सोडली आणि लेखणी हाती धरली. फुले स्वतः मुंबईला येऊन कामगारांच्या सभांत बोलत असत.

1884 साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंडे यांनी सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या अगदी साध्या होत्या. आठवड्याला रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला मदत. याच वर्षी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ सुरू झाली. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती की नियमावली नव्हती. त्यामुळे काही अभ्यासक तिला खरी कामगार संघटना मानत नाहीत. ते म्हणणं खोटं नाही, पण वर्गणी द्यायला ज्याच्या खिशात दमडी नाही अशा माणसाचा आवाज सरकारपर्यंत पोचला तो हिच्यामुळेच.

यात एक गंमत अशी की हिंदुस्थानात कडक कायदा व्हावा म्हणून मँचेस्टर-लँकेशरचे गिरणीमालकही जोर लावत होते. त्यांचा जीव आपल्या कामगारांसाठी तुटत नव्हता. मुंबईचं कापड स्वस्त पडतं, हे त्यांचं दुखणं. लोखंडे यांनी ती संधी आपल्या कामी आणली.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या. तो काळ लक्षात घ्या! अखेर 10 जून 1890 ला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने ती पक्की झाली.

रविवारच का? साहेबाचा तो प्रार्थनेचा दिवस आणि सरकारी कचेऱ्या तर बंदच असत. पण लोखंडे यांनी तो कामगाराला आपला वाटेल असा मांडला. रविवार हा खंडोबाचा वार, असं ते सांगत. आपल्या बीदर जिल्ह्यात खानापूरच्या मैलार मल्लण्णाला जाणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. देवळात जाणारा आणि चर्चला जाणारा, दोघांनाही तोच वार लाभला.

लोखंडे गिरणीपुरतेच राहिले नाहीत. विधवांचं केशवपन करायचं नाही म्हणून त्यांनी न्हाव्यांना एकत्र आणलं. 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली, तेव्हा राणीच्या बागेत कामगारांची एकोप्याची मोठी सभा भरवली. 1895 मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. पदवी मिळाली म्हणून ते वस्तीपासून लांब गेले नाहीत. 1896 साली मुंबईत प्लेग आला, ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनेच गेले. वय पन्नाशीच्या आतलंच. महिनाभरात पुण्यात सावित्रीबाईही तशाच गेल्या.

मँचेस्टरला कालव्याकाठच्या जुन्या गिरण्यांत आता लोक घरं करून राहतात. मुंबईत गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आलेत. रविवार तेवढा शिल्लक आहे, तोही सगळ्यांना नाही. आपल्याच शहरात हॉटेलात, दुकानात, बांधकामावर आणि घरोघरी डबे पोचवत फिरणारी आपल्या वयाची किती तरी पोरं रविवारीही कामावर असतात. उद्या आपण सुट्टीवर असू, तेव्हा त्यांची एकदा विचारपूस करू या. लोखंडे यांचं काम अजून संपलेलं नाही.